परातीतल्या सुया आणि फ्राय ओटो

पुठ्ठ्यावर लोखंडाचा कीस पसरून खालून चुंबक धरायचा प्रयोग शाळेत आपण सगळ्यांनीच केला असेल. पुठ्ठ्याला टिचकी मारली की कीस आपोआप कमानी रचून बसायचा. मास्तर म्हणायचे, "या बलरेषा." आम्ही वहीत आकृती काढायचो, गुण मिळवायचो आणि विसरून जायचो. या कमानींचा वास्तुकलेशी काही संबंध आहे असे तेव्हा कोणी सांगितले असते, तर आम्ही हसलो असतो.

पण संबंध आहे, आणि त्याचा इतिहास मला फार बोलका वाटतो.

बलरेषांची कल्पना मायकेल फॅरेडेची. हा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला माणूस. गणित त्याला फारसे येत नव्हते, म्हणून तो चित्रांतून विचार करी. किसाच्या आकृत्या त्याने कागदावर पक्क्या करून जपल्या. चुंबकाभोवतीची जागा रिकामी नसते, तिलाही एक रचना असते, हे त्याने जगाला दाखवले. पुढे 1878 मध्ये आल्फ्रेड मेयर या अमेरिकन प्राध्यापकाने चुंबकित सुया बुचांत खोचून पाण्यावर सोडल्या आणि वर एक मोठा चुंबक धरला.

हा प्रयोग मी घरी करून पाहिला. परात मुद्दाम पितळेची घेतली, कारण लोखंडी भांड्याकडे सुया ओढल्या जातात. सगळ्या सुयांचे एकच टोक वर ठेवले, म्हणजे त्या एकमेकींना दूर ढकलतात. तीन सुयांचा त्रिकोण झाला, चारांचा चौकोन. सहावी टाकली तेव्हा एक मध्यभागी गेली आणि पाच तिच्याभोवती बसल्या. मी कुणालाच जागा नेमून दिली नव्हती!

नेमकी हीच गोष्ट जर्मन वास्तुविशारद फ्राय ओटो याच्या मनात भरली. त्याचा जन्म 1925 चा, म्हणजे वाढला तो हिटलरच्या राजवटीत. इमारत म्हणजे अवजड दगड, ताठ खांबांच्या रांगा आणि त्यापुढे माणूस किडामुंगीएवढा, हे त्या राजवटीचे वास्तुशास्त्र. ओटो महायुद्धात वैमानिक होता. नंतर फ्रान्समध्ये युद्धकैदी झाला आणि तिथे मिळेल त्या तुटपुंज्या सामानातून बांधकाम करायला शिकला. आयुष्यभर त्याने हलके, कमीत कमी सामानाचे बांधकाम केले. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकचे तंबूसारखे छप्पर गुंटर बेनिश यांच्याबरोबर त्यानेच साकारले.

1964 मध्ये स्टुटगार्टला त्याने हलक्या बांधकामांच्या अभ्यासाची संस्था काढली. तिथे साबणाच्या पडद्यांवर प्रयोग झाले, तसे पाण्यावर तरंगणाऱ्या चुंबकित सुयांवरही झाले. प्रश्न असा होता की माणसे जमीन कशी व्यापतात? मिरामारच्या वाळूवर संध्याकाळी येणारी माणसे पाहा. प्रत्येक जण दुसऱ्यापासून थोडे अंतर राखून बसतो. हे झाले सुयांचे वागणे. उलट बाजारातली दुकाने एकमेकांना चिकटतात. त्यासाठी ओटोने पाण्यावर थर्मोकोलचे तुकडे सोडले, जे एकमेकांकडे ओढले जाऊन पुंजके करतात. दोन्ही एकत्र सोडले की वस्तीच्या नकाशासारखे काहीतरी तयार होते. आकार लादायचा नाही, तो शोधायचा, ही ओटोची भूमिका. हुकूमशाहीला त्याने दिलेले हे उत्तरच होते असे मी मानतो.

आज अशा कामाला 'पॅरामेट्रिक' म्हणतात. पॅरामीटर म्हणजे गणितातले प्राचल. ते बदलले की आकृती बदलते. गंमत अशी की वास्तुकलेत हा शब्द रूढ करणारा लुईजी मोरेत्ती हा मुसोलिनीच्या राजवटीचा वास्तुविशारद होता! 1960 मध्ये मिलानच्या प्रदर्शनात त्याने स्टेडियमचे नमुने मांडले. प्रेक्षकाची नजर मैदानावर कुठून किती चांगली पोचते, यावरून त्यांचे आकार ठरले होते. गणिताला राजकारण नसते, हेच खरे.

2007 मध्ये ग्रासहॉपर हे सॉफ्टवेअर आले आणि परातीची गरज संपली. पडद्यावर एक बिंदू ठेवायचा, तो चुंबक समजायचा, आणि खिडक्या, खांब, जाळ्या त्याच्या दिशेने लहानमोठ्या होऊ द्यायच्या. 2008 मध्ये पॅट्रिक शूमाखर यांनी या शैलीचा जाहीरनामा मांडला, आणि ओटोला ते या शैलीचा पूर्वसुरी मानतात.

पण एक फरक विसरता येत नाही. माझ्या परातीतल्या सुयांशी मला घासाघीस करता आली नाही. त्या पाचच्या ठिकाणी सहा बसल्या की मुकाट्याने मान्य करावे लागले. पडद्यावरच्या चुंबकाचे बळ मात्र आपण हवे तेवढे ठेवू शकतो, आणि आकृती मनासारखी दिसेपर्यंत आकडा फिरवत राहतो. मग 'हा आकार निसर्गाने दिला' असे म्हणणे कितपत प्रामाणिक? सुंदर वळणांच्या इमारतीसमोर उभे राहिलो की मी आता एवढेच विचारतो: हा आकडा कोणी ठरवला, आणि कोणासाठी?

परात अजून ओट्यावरच आहे. सुया तेवढ्या शिवणाच्या डब्यात परत ठेवायला हव्यात, घरचे शोधताहेत!