शाळेच्या दारातील लस : दोन शतकांचा मागोवा

दर वर्षी जून उजाडतो, शाळांच्या घंटा वाजू लागतात आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर वर्गावर्गांतून खोकल्याचे आवाज सुरू होतात. शहाड आणि टिटवाळा यांच्या मधल्या आमच्या आंबिवलीतही याहून वेगळे काही घडत नाही. मूल शाळेतून ताप घेऊन येते, दोन दिवसांत तो लहान भावंडाकडे जातो आणि आठवडा संपायच्या आत घरातल्या आजीने अंथरूण धरलेले असते. मूल चौथ्या दिवशी पुन्हा खेळू लागते; आजीला मात्र उठायला महिना लागतो, आणि काही घरांत ती उठतही नाही. या तापांपैकी पुष्कळ ताप फ्लूचे, म्हणजे इन्फ्लुएंझाचे असतात. त्यावर लस आहे. मग ती मुलांना शाळेतच का देऊ नये, असा प्रश्न पालक विचारू लागले आहेत. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी मागे वळून पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते. कारण बालकाच्या दंडावर टोचलेल्या लसीने सबंध समाजाचे रक्षण करावे, ही कल्पना आपल्या भूमीत दोनशे वर्षांहून जुनी आहे.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. भारतात ही लस यशस्वीपणे घेणारी ती पहिली व्यक्ती होय. लस बगदाद व बसरा या मार्गाने समुद्रावरून आली होती. त्या काळी ती साठवण्याचे साधन नव्हते. एका बालकाच्या दंडावर आलेल्या फोडातील द्रव दुसऱ्या बालकाच्या दंडावर टोचायचा, एवढाच मार्ग होता. ॲनाच्या दंडावरून मुंबईतील आणखी पाच मुलांना लस मिळाली आणि तेथून ती देशाच्या इतर भागांत पोहोचली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८०३ मध्ये, डॉ. बाल्मिस यांच्या नेतृत्वाखाली स्पेनहून एक जहाज अमेरिका खंडाकडे निघाले. त्यात बावीस अनाथ मुले होती. दंडा-दंडावरून लस जिवंत ठेवत ती समुद्रापार नेणे हेच त्या मुलांचे काम. त्यांच्यामुळे असंख्य माणसे वाचली, हे खरे. परंतु त्या कामासाठी अनाथ मुलेच निवडली गेली, हेही विसरता येत नाही. त्यांच्या वतीने 'हो' किंवा 'नाही' म्हणणारे घरचे कोणी नव्हते. मुलांचे लसीकरण ही समाजाची ढाल आहे, तसाच तो समाजाच्या विवेकाचाही प्रश्न आहे, हे इतिहासाने असे आरंभीच दाखवून दिले.

शतकाच्या अखेरीस प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात हा रोग प्रथम ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या कॅथलिक डॉक्टरांनी. धोबी तलावाजवळ मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. त्याखालून जाताना किती जणांना त्यांची ओळख असते, कोण जाणे. त्या दिवसांत आपल्या ईस्ट इंडियन पूर्वजांनी वांद्रे, गिरगाव, माझगाव येथील गावठाणांत क्रूस उभारले. त्यांतील कित्येक क्रूस आजही फुलांनी सजतात. संत सेबॅस्टियन आणि संत रॉक यांचा धावा घरोघरी होत होता. सरकारने मात्र बळाचा मार्ग धरला. रेल्वेच्या प्रवाशांना उतरवून तपासण्यात येत होते, आणि आपले कल्याण जंक्शन हे अशा तपासणीचे एक ठाणे होते. घरे उघडून पाहणे, रोग्याला कुटुंबापासून तोडून नेणे, स्त्रियांची परपुरुषांकरवी तपासणी करणे, यांतून संताप पेटला. २२ जून १८९७ रोजी पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यामागे हाच संताप होता.

त्याच वेळी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ प्लेगची लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. आगाखानांच्या प्रोत्साहनाने खोजा समाजातील हजारो लोकांनी ती घेतली. डॉ. व्हिएगस यांनीही हजारो लोकांना आपल्या हाताने लस टोचली. जेथे शिपाई पाठवून काही साधले नाही, तेथे विश्वासातल्या माणसाच्या शब्दाने लोक पुढे आले. तथापि विश्वास किती नाजूक असतो, हेही लवकरच कळले. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी लस घेतलेल्या एकोणीस जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. एकाच बाटलीत दोष शिरला होता. हाफकिन यांच्यावर ठपका आला. ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव १९२५ मध्ये देण्यात आले. एका बाटलीची हयगय झाली तर तिची किंमत साऱ्या मोहिमेला मोजावी लागते, हा धडा आजही जुना झालेला नाही.

यानंतर आली ती १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. जूनमध्ये मुंबई बंदराच्या बाजूने तिने प्रवेश केला आणि रेल्वेच्या डब्यांतून ती देशभर पसरली. मुंबईहून निघणारा लोहमार्ग कल्याणलाच दुभंगून एकीकडे पुण्याला आणि दुसरीकडे नाशिकला जातो. साथीलाही हेच फाटे मिळाले. सप्टेंबरनंतरची दुसरी लाट अधिक घातक ठरली. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक आणि हिंदुस्थानात एक कोटीच्या वर माणसे दगावली, असा अंदाज आहे. या साथीवर लस नव्हती, कारण रोगाचे बीजच कोणाला ठाऊक नव्हते. माणसाला होणाऱ्या फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये सापडला आणि कोंबडीच्या अंड्यात वाढविलेल्या विषाणूपासून १९४० च्या दशकात लस तयार झाली. हा विषाणू वरचेवर रूप पालटतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीची नवी रचना ठरवून देते आणि लसही दर वर्षी नव्याने घ्यावी लागते.

ही लस शाळकरी मुलांना देण्याचा सर्वांत मोठा प्रयोग जपानने केला. १९६२ पासून तेथे शाळांतून मुलांना ती दिली जाऊ लागली. १९७७ मध्ये ती सक्तीची झाली. पुढे तिच्या उपयोगाविषयी शंका निघाल्या, दुष्परिणामांवरून दावे झाले. १९८७ मध्ये पालकांना नकाराची मुभा मिळाली आणि १९९४ मध्ये कार्यक्रमच बंद झाला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने मात्र वेगळेच चित्र पुढे आणले. शाळेतील लसीकरण चालू होते त्या काळात दर वर्षी सदतीस ते एकोणपन्नास हजार मृत्यू टळत असावेत, आणि वाचलेल्यांत मुख्यत्वे वृद्ध होते, असा त्याचा निष्कर्ष होता. नातवाच्या दंडावरील लसीने आजोबांचा श्वास राखला होता. हा हिशेब सर्वच अभ्यासकांना मान्य नाही. तरीही त्यातून निघणारा विचार मोलाचा आहे. जपानी पालकांना ही गोष्ट आधी कोणी नीट समजावून सांगितली असती, तर कदाचित सक्तीची गरजही भासली नसती. ब्रिटनने २०१३ पासून शाळांतून नाकात फवारण्याची लस देण्यास सुरुवात केली, ती पालकांच्या संमतिपत्रावर.

आपल्याकडेही शाळा आणि आरोग्य यांचे नाते नवे नाही. दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस शाळेत दिली जाते. मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला तो पालघरला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला, तो पुण्यातील चौदा वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा. तेव्हा पुण्या-मुंबईच्या शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांतून झाली. मोबाइलवरून पसरलेल्या अफवांमुळे काही ठिकाणी पालकांनी मुलांना त्या दिवशी घरीच ठेवले. त्यानंतर २०२२ च्या अखेरीस गोवंडीत, मालेगावात आणि आपल्या शेजारच्या भिवंडीत गोवर उसळला तेव्हा लस न घेतलेली बालके त्याला बळी पडली.

आपल्या समाजात काहींच्या मनात विवेकाचा प्रश्न असतो. काही लसींच्या निर्मितीत, गर्भपात केलेल्या भ्रूणांपासून पूर्वी मिळविलेल्या पेशींचा उपयोग होतो, हे त्यामागचे कारण. अंड्यात वाढविलेल्या फ्लूच्या लसीपुरता हा प्रश्न उद्भवत नाही. डिसेंबर २०२० मध्ये करोनाच्या लसींविषयी व्हॅटिकनने दिलेल्या मार्गदर्शनात दोन गोष्टी एकत्र सांगितल्या होत्या : लस घेणे ऐच्छिक असावे, आणि निर्णय घेताना सर्वांच्या हिताचे, विशेषतः दुर्बळांच्या रक्षणाचे कर्तव्य ध्यानी धरावे. स्वातंत्र्य आणि शेजारधर्म यांची ही सांगड आम्हांला इतिहासाशी जुळणारी वाटते.

मग आंबिवलीत काय करता येईल? पहिली अडचण पैशाची. मुलांसाठी फ्लूची लस सरकारच्या मोफत यादीत नाही, आणि नऊ वर्षांखालील मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. २००९ मध्ये मोहन्याचा एनआरसी कारखाना बंद पडल्यापासून ज्या घरांची घडी विसकटली, त्यांना दोन-तीन मुलांचा हा खर्च झेपणारा नाही. तेथे धर्मग्रामाने आणि शाळेच्या पालक-शिक्षक संघाने हात द्यावा. दुसरी गोष्ट वेळेची. आपल्या भागात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो आणि लस अंगी लागायला दोन आठवडे जातात. म्हणून शिबिर जुलैत न भरवता एप्रिलमध्ये, सुट्टी लागण्यापूर्वी भरवणे हिताचे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट संमतीची. पालकांना आधी बोलवावे, डॉक्टरांनी लसीचे गुण सांगावेत तसे तिच्या मर्यादाही सांगाव्यात. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. मात्र तो बेतण्याची भीती कमी होते. अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा दुसरा आजार असल्यास मुलाला आधी डॉक्टरांना दाखवावे. 'नको' म्हणणाऱ्या पालकाच्या मुलाकडे वर्गात कोणी वेगळ्या नजरेने पाहू नये.

लस प्रथम मुलाच्या स्वतःच्या भल्यासाठी आहे, विशेषतः पाच वर्षांखालील बालकांसाठी, कारण फ्लू त्यांनाही गाठतो आणि कधी कधी रुग्णालयापर्यंत नेतो. परंतु ती आजीसाठीही आहे, शेजारच्या गर्भवतीसाठी आहे, आणि दम्याने बेजार असलेल्या, लोकलच्या गर्दीत उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसासाठीही आहे. चांगल्या शोमरोन्याने वाटेवरच्या जखमीचे नावगाव विचारले नव्हते. आपल्या मुलांना हा धडा धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण शिकवतोच. दोन शतकांपूर्वी तीन वर्षांच्या एका मुलीला न विचारता जे तिच्याकडून घेतले गेले, ते आज आपण आपल्या मुलांना समजावून, त्यांच्या आईवडिलांची संमती घेऊन मागू शकतो. ज्यांनी प्लेगच्या दिवसांत क्रूस उभारले आणि ज्यांनी लस टोचली, ती माणसे एकाच समाजाची होती. प्रार्थना आणि उपचार यांत त्यांना विरोध दिसला नाही. आपल्यालाही तो दिसण्याचे कारण नाही.