ताशी सातशे पंचवीस मैल

साल 1944, दिवाळी नुकतीच सरलेली. झाशीच्या सिविल लाइन्समधल्या एका वकिलांच्या बंगल्यात, व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत तुम्ही बसला आहात. घर मराठी, झाशीच्या नेवाळकर राजांच्या काळात इकडे आलेल्यांपैकी. मुलं अंगणात बुंदेलीत भांडतात आणि आत येऊन आईकडे मराठीत गाऱ्हाणं घालतात. गेल्या वर्षी विंगेट या ब्रिटिश सेनानीचे चिंडिट सैनिक इथून जवळच, ओरछाच्या रानात तयार होत होते. त्यामुळे लढाईच्या गप्पांना इथे तोटा नाही.

वकिलांचा धाकटा जंक्शनवरून धापा टाकत येतो.

"मामा, एक गोरा शिपाई सांगत होता, थंडरबोल्ट विमान सूर मारतं ना, तेव्हा आवाजालाही मागे टाकतं! ताशी सातशे पंचवीस मैल!"

मामा जीआयपी रेल्वेत गार्ड आहेत. "मोजलं कुणी?"

"पायलटनं. काट्यावर दिसलं त्याला."

"मेलचे ड्रायव्हरसुद्धा ऐंशीच्या बाता मारतात रे." मामा खिशातलं घड्याळ काढतात. "ऐंशी म्हणजे मैलाच्या दोन दगडांत पंचेचाळीस सेकंद. ते काही माझ्या घड्याळात दिसत नाहीत."

पोरगं हिरमुसतं. तुम्हाला मात्र ठाऊक आहे की त्यानं पदरचं काही घातलेलं नाही. नोव्हेंबर 1942 मध्ये कॉमस्टॉक आणि डायर या दोन अमेरिकन लेफ्टनंटांनी थंडरबोल्टमधून खोल सूर मारले, आणि विमान बनवणाऱ्या रिपब्लिक कंपनीनं 725 मैलांचा, म्हणजे ताशी 1,167 किलोमीटरचा आकडा जगभर गाजवला. तीस हजार फुटांवरच्या थंड हवेत आवाजाचा वेग ताशी 1,090 किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे आकडा खरा धरला तर ध्वनीची भिंत तेव्हाच फुटली!

फुटली नव्हती. विमानातला काटा वेग थेट मोजतच नाही. समोरून नळीत घुसणाऱ्या हवेचा दाब आणि भोवतालच्या हवेचा दाब, यांच्यातल्या फरकावरून तो वेग दाखवतो. आवाजाच्या वेगाजवळ पोचताना हवा दाबली जाते, पंखांवर आघातलाटा उठतात आणि दाबांचा हा हिशेबच बिघडतो. त्यात विमान दगडासारखं खाली येत असताना भोवतालचा दाब इतका झपाट्यानं बदलतो की उपकरणं मागे पडतात. विमान सावरायची दांडी दोन्ही हातांनी ओढली तरी हलत नाही. खालच्या उबदार, दाट हवेत आल्यावर विमान पुन्हा ऐकू लागतं. अशा प्रसंगातून वाचलेल्या माणसाला मी खोटारडा म्हणणार नाही. आकडा छापणाऱ्या कंपनीबद्दल मात्र तेवढी खात्री देता येत नाही.

शिवाय थंडरबोल्टच्या पुढे प्रोपेलर होता. त्याच्या पात्यांची टोकं विमानाच्या कितीतरी आधी आवाजाच्या वेगाला पोचतात आणि मग ओढण्याऐवजी अडवू लागतात. थंडरबोल्टची खरी मजल आवाजाच्या चार-पंचमांशाच्या जरा पुढेच संपत होती.

हे सगळं तुम्ही मामांना सांगू शकत नाही. याच वर्षी एप्रिलमध्ये इंग्लंडात फार्नबरोला चाचणीची उपकरणं लावून मार्टिनडेल नावाच्या वैमानिकानं स्पिटफायर विमानातून सूर मारला, तो आवाजाच्या सुमारे नऊ-दशांशापर्यंत पोचला आणि प्रोपेलर तुटून पडला, हेही नाही. वर्षभरानं विल्सन नावाचा वैमानिक मीटिअर हे जेट सरळ उडवत, जमिनीवर मोजून आखलेल्या तीन किलोमीटरांवर ताशी 975 किलोमीटरचा विक्रम करील. पद्धत मामांचीच, दोन खुणा आणि एक घड्याळ.

आवाजापेक्षा जास्त वेगाचं पहिलं सरळ उड्डाण, ज्याबद्दल वाद उरला नाही, ते 14 ऑक्टोबर 1947 रोजी चक यीगरनं केलं. त्याच्या बेल एक्स-1 विमानाला प्रोपेलर नव्हता, रॉकेट होतं.