आउटबोर्डला गोडं पाणी कशासाठी?

समुद्रावरून होडी आली की आउटबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या मोटरच्या, पायावरल्या पाणी ओढणाऱ्या जाळ्यांना रबरी कप लावायचे, त्याला बागेची नळी जोडायची आणि मोटर मंद चालवत गोडं पाणी फिरवायचं. हा फ्लशिंगचा रिवाज मोटर समुद्रावर गेली तेव्हाच सुरू झाला, असं सरसकट मानतात. मला ते पटत नाही. तो खऱ्या अर्थाने रुजला अ‍ॅल्युमिनियममुळे.

ही मोटर वाढली गोड्या पाण्यात. १८८१ मध्ये पॅरिसच्या सीन नदीवर गुस्ताव त्रूवेची विजेची मोटर, १९०५ मध्ये डेट्रॉइट नदीवर कॅमेरॉन वॉटरमनची पेट्रोलची, १९०९ मध्ये मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडची. एव्हिनरूडची मोटर दीड अश्वशक्तीची, पोलाद आणि पितळेची, ६२ पौंड वजनाची. होडीखालचंच पाणी ओढून ती थंड राही. काही वर्षांतच स्कॅन्डिनेव्हियातले मच्छीमारही ती वापरू लागले, म्हणजे खारं पाणी तिच्या पोटात गेलंच. पण जाड लोखंड गंजायला वेळ घेतं. १९२१ मध्ये एव्हिनरूडनेच ‘एल्टो’ आणली: ताकद दुप्पट, वजन ४८ पौंड. ही किमया अ‍ॅल्युमिनियमची. पुढे सिलिंडरचा ब्लॉकही त्याच धातूचा झाला आणि खाऱ्या पाण्याशी वैर जडलं.

विरोधी पक्ष म्हणतो, मिठाचे खडे मोटरमधल्या पाण्याच्या वाटा बुजवतात म्हणून फ्लश करायचं, धातू कोणताही असो. यावर माझं उत्तर साधं आहे. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि पाणी ३५० ग्रॅमच्या वर मीठ विरघळवू शकतं. साचलेलं मीठ पुढच्या फेरीत समुद्राचं पाणीच धुऊन नेईल. गरम भिंतींवर बसते ती कॅल्शियमची खपली, आणि ती गोड्या पाण्याने निघत नाही, तिला आम्लच लागतं. मग फ्लशिंगने नेमकं काय जातं? क्लोराइड. तेच अ‍ॅल्युमिनियमचं संरक्षक कवच फोडतं. त्यातून जो पांढरा भुगा फुगतो, तोच वाटा चोंदवतो.

पुरावा मोटरच्या पायावरच बोल्टने आवळलेला आहे: जस्ताचा तुकडा, जो स्वतः आधी गंजून अ‍ॅल्युमिनियमला वाचवतो. ही युक्ती रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची. १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचे तांब्याचे पत्रे वाचवायला त्याने त्यांना जस्त किंवा लोखंड जोडलं. तांबं वाचलं, पण त्यावर शिंपले चिकटू लागले, कारण त्यांना मारणारं विरघळतं तांबंच थांबलं. आरमाराने नाद सोडला, तरी युक्ती टिकली. मात्र बाहेरच्या जस्ताचा पहारा आतल्या अरुंद वाटांपर्यंत पोचत नाही. जस्ताचं हेच अपुरं काम फ्लशिंग पुरं करतं, असं मी ठामपणे म्हणतो.

हे मान्य केलं तर रिवाजाची रीतही बदलते. बाजूच्या छिद्रातून धार आली म्हणून लगेच नळी काढायची नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणारी झडप, उघडेपर्यंत मोटर मंद चालू ठेवायची, कारण सर्वांत तापणारं अ‍ॅल्युमिनियम त्याच्याच मागे असतं. आणि हे त्याच दिवशी, आतलं पाणी सुकायच्या आत.