चौतीस वर्षं कुलुपात राहिलेला सिनेमा

आजची गोष्ट एका हेरपटाच्या सेटवरून सुरू होते.

साल १९४२. हॉलिवूडमध्ये 'अक्रॉस द पॅसिफिक'चं शूटिंग चालू आहे. हिरो हम्फ्री बोगार्ट. आणि दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन काम अर्धवट टाकून निघून जातो. का? तर सैन्यातून बोलावणं आलं. उरलेला सिनेमा दुसऱ्या दिग्दर्शकाने पुरा केला.

सैन्यातही ह्यूस्टनच्या हातात कॅमेराच राहिला. १९४५ मध्ये त्याला काम मिळालं: न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, मेसन जनरल हॉस्पिटलमध्ये जा, आणि युद्धात मनाने कोलमडलेल्या सैनिकांवर फिल्म कर. हेतू साधा होता. ही माणसं वेडी नाहीत, त्यांना नोकऱ्या द्या, हे लोकांना पटवायचं.

फिल्मचं नाव 'लेट देअर बी लाइट'. लांबी जेमतेम ५८ मिनिटं. सुरुवातीलाच सांगतात, यातलं काहीही रचलेलं नाही.

मी ती रात्री फोनवर पाहायला घेतली, आणि एका ठिकाणी पॉज करून बसलो. एक कृष्णवर्णीय सैनिक डॉक्टरांसमोर बसलाय. घरून मैत्रिणीचा फोटो आला, एवढंच सांगतो आणि त्याला रडू फुटतं. ना बॉम्ब, ना रक्त. नुसता एक फोटो!

दुसऱ्या एकाचे पाय चालत नाहीत. शरीराला जखम काहीच नाही. डॉक्टर त्याला सोडियम अमायटल टोचतात. हेरकथांमधलं 'खरं बोलायला लावणारं इंजेक्शन' आठवतं? तेच औषध. तिथे शत्रूची गुपितं काढायला, इथे माणसाच्या आत अडकलेलं दुःख बाहेर यायला. थोड्या वेळाने तो चक्क चालतो.

आता खरी मेख. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये फिल्म दाखवायची ठरली. ह्यूस्टन सांगतो त्याप्रमाणे, खेळ सुरू व्हायच्या जरा आधी मिलिटरी पोलीस आले आणि प्रिंट घेऊन गेले. सैन्याचं म्हणणं: रुग्णांची ओळख उघड होते. ह्यूस्टनचं म्हणणं: त्यांनी संमतीच्या कागदांवर सह्या केल्या होत्या. त्याच्या मते, युद्धावरून प्रत्येक जवान आणखी कणखर होऊनच परततो, ही दंतकथा सैन्याला जपायची होती.

मला सैन्याचा मुद्दा अगदीच फालतू वाटत नाही. इंजेक्शनच्या गुंगीत बोललेलं जगासमोर यावं, असं कुणाला वाटेल? पण १९४८ मध्ये सैन्याने याच विषयावर 'शेड्स ऑफ ग्रे' काढली, तीही नट घेऊन. चेहरे लपले, ठीक. पण पडद्यावरचे सैनिक सगळे गोरे! ह्यूस्टनच्या फिल्ममध्ये गोरे आणि काळे एकाच खोलीत, शेजारी शेजारी बसून आपली भीती सांगत होते. तेही सैन्यात वंशभेद अधिकृतपणे चालू असताना. मग लपवलं नक्की काय?

बंदी उठली थेट डिसेंबर १९८० मध्ये. पुढच्या वर्षी फिल्म कान महोत्सवात पोहोचली.

एक सांगायला हवं, फिल्मही पुरती निरागस नाही. आठ-दहा आठवड्यांत सगळे हसत घरी जातात. बसमधून हात हलवत! मनाच्या जखमा इतक्या झटपट भरत नाहीत. शेवटी सरकारी फिल्मच ती.

पण मला ते बरे झालेले चेहरे आठवत नाहीत. फोटोवरून रडणारा तो जवान आठवतो. त्याला कुणी 'मर्द हो' म्हणालं नाही. डॉक्टर म्हणाले, रडलास तर हरकत नाही. एवढं वाक्य लोकांपर्यंत पोहोचायला चौतीस वर्षं लागली, मंडळी. तुमच्या घरात, तुमच्या ग्रुपमध्ये ते कुणी कुणाला शेवटचं कधी म्हणालं होतं?

फिल्म इंटरनेटवर फुकट आहे. इअरफोन लावा आणि एका बैठकीत बघा. भेटू पुढच्या भागात!