गप्पी मासा

गप्पी (शास्त्रीय नाव: पोएसिलिया रेटिक्युलाटा) हा पोएसिलिडी कुलातील गोड्या पाण्यात राहणारा लहान मासा आहे. अंडी न घालता थेट पोहणाऱ्या पिल्लांना जन्म देणारा मासा म्हणून तो प्रसिद्ध आहे. मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल आणि गंबुसिया हे मासे याच कुलातील होत. महाराष्ट्रात गप्पी दोन कारणांसाठी पाळला जातो: घरातील शोभेसाठी आणि डासांच्या अळ्यांचा नाश करण्यासाठी.

नाव आणि मूलस्थान

हा मासा मूळचा व्हेनेझुएला, गयाना, त्रिनिदाद या भागांतील आहे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी १८५९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्रिनिदादमध्ये राहणारे रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी यांनी या माशाचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले. १८६६ साली आल्बर्ट ग्युंथर यांनी त्यांच्या सन्मानार्थ माशाला ‘जिरार्डिनस गप्पी’ असे नाव दिले. पुढे हे शास्त्रीय नाव मागे पडले, परंतु ‘गप्पी’ हा शब्द रूढ राहिला. मराठीतील ‘गप्पा’ या शब्दाशी त्याचा काहीही संबंध नाही.

नर व मादी

नर साधारणतः १.५ ते ३.५ सेंमी. लांबीचा, सडपातळ व रंगीबेरंगी असून त्याची शेपटी मोठी व झुपकेदार असते. मादी ३ ते ६ सेंमी. लांब, पोटाने गोलसर आणि रंगाने फिकट असते. नराच्या गुदपक्षाचे (शेपटीच्या अलीकडे, पोटाखाली असलेल्या पराचे) रूपांतर दांडीसारख्या प्रजननेंद्रियात झालेले असते. मादीचा हाच पर पंख्यासारखा पसरट असतो. नर-मादी ओळखण्याची ही सर्वांत खात्रीची खूण आहे.

प्रजनन

रोहू, कटला यांसारख्या माशांच्या मादीच्या पोटात गाभोळी तयार होते आणि अंडी पाण्यात सोडल्यानंतर ती फलित होतात. गप्पीमध्ये अंड्यांचे फलन मादीच्या शरीरातच होते. वाढणाऱ्या गर्भाचे पोषण मुख्यतः अंड्यातील बलकावर होते. म्हणून या प्रकाराला ‘अंडजरायुज’ प्रजनन म्हणतात. गर्भकाळ सुमारे २१ ते ३० दिवसांचा असून तो पाण्याच्या तापमानानुसार कमी-अधिक होतो. एका वेळी साधारणतः २० ते ५० पिल्ले होतात. पहिल्या खेपेस ती फार थोडी असू शकतात, तर मोठ्या मादीला याहून अधिकही होतात.

मादी नराचे शुक्राणू शरीरात अनेक महिने साठवून ठेवू शकते. त्यामुळे नरापासून वेगळी केलेली मादीही पुढे अनेकदा पिल्ले देते. दुकानातून केवळ माद्या आणल्या असतानाही टाकीत पिल्ले दिसू लागतात, त्याचे कारण हेच आहे.

गाभण मादीची निगा

मादीच्या पोटाच्या मागील भागात एक गडद डाग असतो. गर्भ वाढू लागला की तो अधिक ठळक होतो. प्रसूती जवळ आली की पोट खालून चौकोनी दिसू लागते. मादी कळपापासून दूर, कोपऱ्यात राहते आणि अन्न नाकारते.

मादीला वेगळ्या टाकीत हलवायचे असल्यास ते काही दिवस आधी करावे. अगदी शेवटच्या क्षणी जाळीने पकडल्यास तिला ताण बसतो आणि पिल्ले अकाली जन्मण्याची भीती असते. बाजारात मिळणारी लहान प्रसूतिपेटी फार वेळ वापरू नये, कारण अपुऱ्या जागेत मादी घाबरते. त्याऐवजी हायड्रिला किंवा जावा मॉस यांसारख्या वनस्पतींनी दाट भरलेली टाकी अधिक हितकारक ठरते. नर सतत पाठलाग करतात, म्हणून एका नरामागे दोन-तीन माद्या असे प्रमाण ठेवावे.

पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस असावे. सामू ७ ते ८ च्या दरम्यान आणि पाणी किंचित कठीण असलेले चांगले. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी उघड्या भांड्यात किमान एक दिवस ठेवून मगच वापरावे. आठवड्यातून एकदा सुमारे एक-चतुर्थांश पाणी बदलावे. सर्व पाणी एकदम बदलणे माशांना घातक ठरते.

पिल्लांचे संगोपन

जन्मतः पिल्लू सुमारे ६ ते ७ मिमी. लांब असते आणि लगेच पोहू लागते. पालक पिल्लांचे रक्षण करीत नाहीत. उलट, मादी स्वतःची पिल्लेही खाते. म्हणून प्रसूतीनंतर मादीला बाजूला काढावे किंवा पिल्लांना लपण्यासाठी दाट वनस्पती ठेवाव्यात.

पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे अन्न द्यावे. बारीक केलेले कोरडे खाद्य, नुकत्याच उबलेल्या आर्टेमियाच्या अळ्या किंवा उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा कण चालतो. बलक अगदी किंचित द्यावा. उरलेले अन्न कुजून पाणी नासते आणि पिल्ले दगावण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. जोरदार गाळणी यंत्रात पिल्ले ओढली जातात, म्हणून स्पंजची गाळणी वापरावी. चार आठवड्यांच्या सुमारास नर ओळखू येऊ लागतात. तेव्हाच नर-माद्या वेगळ्या केल्यास लहान वयातील गर्भधारणा आणि भावंडांमधील संकर टळतो.

विदर्भातील हवामान

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, नागपूर–वर्धा मार्गावर असलेल्या केळझरसारख्या गावात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. टाकी उन्हापासून दूर ठेवावी, हवेचा पंप चालू ठेवावा आणि बाष्पीभवनाने घटलेले पाणी थोडे थोडे भरावे. पाण्यात एकदम बर्फ टाकू नये. हिवाळ्यातील थंड रात्रींत तापमान टिकवण्यासाठी हीटर उपयोगी पडतो. थंड पाण्यात गर्भकाळ लांबतो.

डास नियंत्रण

हिवताप, डेंग्यू आदी रोगांच्या नियंत्रणासाठी महाराष्ट्रात आरोग्य विभागामार्फत साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडले जातात आणि त्यासाठी पैदास केंद्रेही चालवली जातात. याच हेतूने गंबुसिया हा मासा १९२८ साली इटलीहून भारतात आणण्यात आला. गंबुसियाच्या तुलनेत गप्पी दूषित पाण्यात अधिक तग धरतो. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास मात्र घरातील रांजण, कूलर व टायर यांतील पाण्यात वाढतो. तेथे पाणी झाकणे आणि आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करणे हाच मुख्य उपाय आहे.

पर्यावरणीय धोका

गप्पी झपाट्याने वाढतो, त्यामुळे पाळणाऱ्याकडे लवकरच जास्तीचे मासे साठतात. दया म्हणून ते नदी, नाला किंवा तलावात सोडणे चुकीचे आहे. बाहेरून आलेला हा मासा देशी माशांशी अन्नासाठी स्पर्धा करतो आणि त्यांची अंडी व पिल्ले खाऊ शकतो. एक गाभण मादीही नवी वसाहत उभी करण्यास पुरेशी असते. अप्लोकिलस वंशातील देशी मासेही डासांच्या अळ्या खातात. जास्तीचे गप्पी इतर पाळणाऱ्यांना द्यावेत किंवा नर-माद्या वेगळ्या ठेवून पैदास रोखावी. डास नियंत्रणासाठी मासे सोडायचे असल्यास स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली, केवळ बंदिस्त साठ्यातच सोडावेत.