खेकड्याला वीज कोण देणार?

विषय शोधत असाल आणि कुणीतरी तुम्हाला ‘रेल्वेवर सगळं लिहून झालंय’ असं सांगितलं असेल, तर त्याला एक प्रश्न विचारून बघा. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून कुर्ल्याला भारतातली पहिली विजेची गाडी गेली. ती ज्या विजेवर धावली, त्या विजेवर धावणारी एकतरी गाडी आज भारतीय रेल्वेच्या रुळांवर आहे का?

नाही. एकही नाही. आणि नुसती गाडी नाही असं नव्हे, ती वीजच राहिलेली नाही. या एका वाक्यात प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण दडलंय, ते आज थोडं उलगडून दाखवतो.

आधी विजेचं बोलू. इतिहासवाले लोक व्होल्ट-अँपिअर आलं की पान उलटतात, तसं करू नका, इथं सगळी गोम त्यातच आहे. १९२५ ची गाडी १५०० व्होल्ट डीसीवर चालायची. आज सगळीकडे २५,००० व्होल्ट एसी आहे. एक मेगावॅट ताकद तारेतून घ्यायची तर १५०० व्होल्टला साधारण ६६७ अँपिअर प्रवाह लागतो, २५,००० व्होल्टला फक्त ४०. प्रवाह जास्त म्हणजे तार जाड, वाटेत वीज वाया जास्त, आणि दर काही किलोमीटरला एक सबस्टेशन. मुंबईची गर्दी वाढत गेली तशी जुनी व्यवस्था तोकडी पडू लागली. मग टप्प्याटप्प्यानं बदल झाला. पश्चिम रेल्वेचं काम फेब्रुवारी २०१२ मध्ये पूर्ण झालं, मध्य रेल्वेच्या मेन लाइनचं जून २०१५ मध्ये, आणि शेवटची डीसी लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बर मार्गावर कुर्ल्याहून सीएसटीला गेली. ज्या मार्गावर सुरुवात झाली, त्याच मार्गावर ९१ वर्षांनी शेवट.

या बदलाविषयी माझी काही तक्रार नाही. निर्णय बरोबरच होता. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की १९२५ ते २०१६ या काळातली सगळी शुद्ध डीसी यंत्रं एका रात्रीत कायमची मुकी झाली. वाफेच्या इंजिनाचं असं होत नाही. कोळसा टाका, पाणी भरा, बॉयलर धड असेल तर ते कुठल्याही रुळावर चालेल, कारण त्याची ताकद त्याच्या पोटात असते. विजेच्या इंजिनाची ताकद बाहेर असते, तारेत, सबस्टेशनात, पार धरणापर्यंत. तुम्ही इंजिन जपलंत म्हणजे नक्की काय जपलंत, हा प्रश्न वाफेच्या बाबतीत सहसा पडत नाही. इथं तो पहिल्या दिवशीच पडतो.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या खेकड्याकडे येऊ.

१९२८ पासून जीआयपी रेल्वेनं घाटातल्या मालगाड्यांसाठी ईएफ/१ जातीची इंजिनं आणली, एकूण ४१. पुढे त्यांना डब्ल्यूसीजी-१ म्हणू लागले. पहिली काही स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या एसएलएम कारखान्यात बनली, बाकीची इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीत. विजेचा भाग मेट्रोपॉलिटन-विकर्सचा. कसारा-इगतपुरी आणि कर्जत-लोणावळा या दोन्ही घाटांत १ ला ३७ चा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. त्या चढासाठी हे इंजिन घडवलं होतं. मधे चालकाची केबिन आणि दोन्ही बाजूंना लांब नाकं, ती नाकं वळणावर वेगवेगळी वळतात. मोटारीची ताकद चाकांना थेट न जाता वाफेच्या इंजिनासारख्या दांड्यांनी जाते. त्यामुळे चालताना त्याची हालचाल आणि कुरकुर अशी काही अजब असायची की रेल्वेच्या माणसांनी त्याला ‘खेकडा’ नाव दिलं, आणि तेच टिकलं. घाट उतरताना त्याच्या मोटारी उलट काम करून तारेत वीज परत टाकायच्या. हे १९२८ साली, बरं का. आज ‘रिजनरेटिव्ह ब्रेकिंग’ म्हणून जाहिराती होतात ते हेच.

एका खेकड्याला मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचं नाव दिलं होतं. १९२५ च्या पहिल्या गाडीचं उद्घाटन त्यांनीच केलं होतं. डेक्कन क्वीनसारख्या गाड्या ओढणाऱ्या ईए/१ जातीतल्या एका इंजिनाला दुसरे गव्हर्नर, सर रॉजर लुम्ले, यांचं नाव मिळालं. आणि १९६१ साली चित्तरंजनला देशात बनलेलं पहिलं विजेचं इंजिन बाहेर पडलं, १५०० व्होल्ट डीसीचंच, त्याचं नाव ‘लोकमान्य’. इंजिनांच्या नावांवर कुणी एक छोटा शोधनिबंध लिहायला हरकत नाही. मी आत्ता त्यात शिरत नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात खेकडा उभा आहे, लुम्ले साहेबही आहेत. जाऊन बघा, रंगबिंग छान आहे. पण ती चालत नाहीत, आणि डोक्यावर तार असली तरी चालणार नाहीत.

का, ते आपल्या भागात आणून बघू. जतकरांना ठाऊक आहे, आपल्या स्टेशनचं नाव ‘जत रोड’. रेल्वेच्या भाषेत नावापुढे ‘रोड’ लागला की समजायचं, गाव लांब आहे. डफळ्यांच्या संस्थानाच्या काळात, १९२७ साली, बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज मिरजेपर्यंत आली, तिच्यावरचं हे स्टेशन. पुढे ती लाइन ब्रॉडगेज झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मध्य रेल्वेनं आपल्या सगळ्या ब्रॉडगेज मार्गांचं विद्युतीकरण पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. म्हणजे ज्या माळावर आपल्या आजोबांनी छोट्या गाडीचा धूर पाहिला, तिथं आता डोक्यावर २५,००० व्होल्ट आहेत. समजा खेकडा जत रोडला आणून उभा केला आणि त्याचा पँटोग्राफ वर केला. खेकड्याच्या पोटात ट्रान्सफॉर्मर नाही. तारेतली वीज रेझिस्टन्समधून सरळ मोटारींना जाते, अशीच त्याची रचना आहे. सोळापटीहून जास्त दाब, तोही एसी. इन्सुलेशन फुटेल आणि इंजिनाची राख होईल. तारेखाली उभं असूनही ते तारेला हात लावू शकत नाही.

आता स्वित्झर्लंड बघा. त्याच विंटरथूरच्या कारखान्याशी नातं सांगणारं, खेकड्यासारखंच लांब नाकांचं इंजिन तिथं गोट्टहार्डच्या घाटासाठी बनलं. त्याला ते ‘मगर’ म्हणतात. ती मगर आजही खास फेऱ्यांसाठी मुख्य मार्गावर, स्वतःच्या ताकदीवर धावते. स्विस लोक वारशाच्या बाबतीत आपल्यापेक्षा हळवे आहेत म्हणून असं झालं, असं पटकन लिहून मोकळे होऊ नका. परीक्षक तिथंच धरेल. तिथली संस्था, देखभाल, पैसा हे सगळं आहेच, पण पहिलं कारण साधं आहे: १९२० च्या सुमारास त्यांनी १५,००० व्होल्टची जी पद्धत धरली, ती आजपर्यंत सोडलेली नाही. मगरीची तार अजून तीच आहे. खेकड्याची तार गेली.

ब्रिटनची गंमत आणखी वेगळी. तिथं जपलेल्या रेल्वेमार्गांची हौस दांडगी, पण ते बहुतेक मार्ग वाफेच्या काळातले, गावाकडचे, तिथं ना वरची तार ना विजेचा तिसरा रूळ. त्यामुळे विजेची जुनी गाडी वाचवली तरी तिला डिझेल इंजिन लावून ओढावं लागतं. कोव्हेंट्रीजवळ विजेच्या गाड्यांचं स्वतंत्र संग्रहालय होतं, ते २०१७ मध्ये बंद झालं आणि गाड्या पांगल्या. याच्या उलट आइल ऑफ वाइट बेटावर लंडनच्या भुयारी रेल्वेचे १९३८ चे डबे जानेवारी २०२१ पर्यंत रोजच्या प्रवाशांची ने-आण करत होते. कुणी वारसा म्हणून नव्हे, नेहमीची गाडी म्हणून, कारण वीज मिळत होती. आणि ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर १८८३ साली व्होल्क यांनी सुरू केलेली छोटी विजेची रेल्वे अजून चालते. लाइन आखूड, वीज स्वतःची, व्होल्टेज कमी. मला वाटतं, आपल्यासाठी उत्तर या शेवटच्या उदाहरणाच्या आसपास आहे.

म्हणजे कसं? एक मार्ग म्हणजे इंजिन ओढत न्यायचं. स्वस्त पडतं, पण पाहणाऱ्याला कळतंच की पुढचं इंजिन मागच्याला फरफटवतंय. दुसरा मार्ग, पोटात ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर बसवून आजच्या तारेवर चालवायचं. खेकड्याच्या नाकात जागा कुठली? बसवायचं तर मूळ भाग काढावे लागतील, आणि मग जपलं काय? तिसरा मार्ग मला जास्त पटतो. या जुन्या मोटारी डीसी सिरीज जातीच्या असतात, कमी व्होल्टेज दिलं तरी फिरतात, फक्त हळू. शेजारच्या एका वाघिणीत बॅटऱ्या ठेवून काहीशे व्होल्ट दिले तर इंजिन यार्डात स्वतःच्या मोटारींवर रांगू शकतं. ब्रेकची हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरला वेगळी सोय लागेल. मूळ इंजिनातलं काहीही न कापता हे जमण्यासारखं आहे, आणि उद्या कुणाला नको वाटलं तर वाघीण सोडवली की झालं. चौथा मार्ग, काहीशे मीटर रुळावर खरी १५०० व्होल्टची तार. तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, पण लोकांना बसवायचं म्हटलं की रेल्वे सुरक्षा आयुक्तांपर्यंतची वाट चालावी लागते, आणि तेवढ्यासाठी तेवढा खर्च कोण करेल, हा प्रश्न उरतोच.

इथं एक आडवाट घेतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुजरातेत अहमदाबाद-एकतानगर अशी ‘हेरिटेज’ गाडी सुरू झाली. तिचं इंजिन दिसायला वाफेचं, आतून विजेचं. म्हणजे नव्या विजेच्या इंजिनाला वारसा म्हणून मिरवायचं तर वाफेचा मुखवटा घालावा लागतो, आणि खरोखर जुनी विजेची इंजिनं तशीच उभी. आपल्या मनात ‘जुनी रेल्वे’ म्हणजे धूर आणि शिट्टी, एवढं घट्ट बसलंय. जागतिक वारसा यादीत दार्जिलिंग, निलगिरी, कालका-सिमला या तीन डोंगरी रेल्वे आहेत, त्यांतली एकही विजेची नाही. हे असं का झालं, हाच स्वतंत्र संशोधनाचा प्रश्न आहे, आणि माझ्या मते व्होल्टेजच्या प्रश्नापेक्षा अवघड.

आता तुमच्या कामाचं. ‘विजेच्या रेल्वेचा वारसा’ असा विषय घेऊन मार्गदर्शकाकडे गेलात तर ते म्हणतील, फार पसरट आहे. बरोबर म्हणतील. तार धरून चाला. इंजिनापासून तारेकडे, तारेपासून सबस्टेशनकडे, तिथून वीजघराकडे. जीआयपीनं ठाकुर्लीला स्वतःचं कोळशाचं वीजघर बांधलं होतं, लोक त्याला चोळा पॉवर हाऊस म्हणायचे. त्याच काळात टाटांची जलविद्युत केंद्रं उभी राहत होती: खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. भिऱ्याला पाणी देणाऱ्या मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. राजेंद्र व्होरांचं त्यावरचं पुस्तक वाचा. कुठल्या वीजघराची वीज कुठल्या गाडीला गेली, हे कागद बघितल्याशिवाय लिहू नका. पण ‘मुंबईला वीज हवी’ हे वाक्य मिलच्या, ट्रामच्या आणि रेल्वेच्या नावानं कसं वापरलं गेलं, ते त्या काळच्या वर्तमानपत्रांत शोधा. जतच्या मुलांना तर हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे म्हैसाळचं पाणी येतं ते पंपांनी, आणि पंपाची वीज, तिचं बिल, तिची थकबाकी यावर आपली गावं भांडत आलीत. वीज कुणासाठी, हा प्रश्न आपण शेतात शिकलोय.

कागदांसाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, जीआपीचे वार्षिक अहवाल, आणि पुण्यात केसरीच्या फाइल्स. पण कागद थांबतील, माणसं थांबणार नाहीत. खेकडा शेवटी शेवटी यार्डात शंटिंगला असायचा. तो चालवलेली माणसं आता सत्तरीच्या पुढे असतील. कुठल्या आवाजावरून मोटार बिघडली हे ओळखायचे, पावसाळ्यात घाटात चाकं घसरली की हात कुठं जायचा, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतं. शेवटची डीसी लोकल चालली तेव्हा कारशेडमध्ये पन्नाशीला असलेला कारागीर आता निवृत्तीला आलेला किंवा निवृत्त झालेला असेल. सांगली-साताऱ्याकडची कितीतरी माणसं मुंबईला रेल्वेत नोकरीला गेली आणि निवृत्त होऊन गावी परतली. तुमच्या गल्लीत एखादे काका असतील. आधी त्यांची परवानगी घ्या, मग मोबाइल समोर ठेवा, आणि ‘तुमचा अनुभव सांगा’ असं मोघम विचारू नका. ‘पँटो चढवायच्या आधी काय काय तपासायचात?’ इथून सुरुवात करा. असा नेमका प्रश्न विचारला की माणूस हातानं दाखवायला लागतो, आणि मग दोन तास थांबत नाही.