युद्धपटावरील अवजड तोफ व तिचे बैल

ऐतिहासिक लढाया लघुप्रतिकृति मांडून मेजावर पुन्हां खेळण्याचा प्रघात युरोपांत व अमेरिकेंत चांगलाच रूढ आहे. बोटाएवढे शिपाई, घोडेस्वार, टेकड्या, नद्या व गांवें प्रमाणानें मांडावयाचीं, फांसे टाकून माऱ्याचा परिणाम ठरवावयाचा, आणि जुन्या सेनापतीपुढें जो प्रश्न होता तो स्वतः सोडवून पाहावयाचा, असें या खेळाचें थोडक्यांत स्वरूप आहे. पानिपत व असई या आपल्याकडील लढायाहि अशा पटावर मांडल्या जातात. तेव्हां केवळ मुलांचा खेळ समजून संशोधकांनीं याकडे पाठ फिरवावी, असा हा विषय नाहीं. त्यांतील एकाच अंगाचा, म्हणजे अवजड तोफेच्या प्रतिकृतीचा, येथें विचार करावयाचा आहे. ही प्रतिकृति तोफेचा मारा दाखविते, परंतु तिचें ओझें लपविते. आणि अवजड तोफेचा इतिहास समजण्यास माऱ्यापेक्षां ओझ्याचीच माहिती अधिक अवश्य आहे, असें आमचें प्रतिपादन आहे.

या खेळाची परंपरा जुनी आहे. ब्राउनश्वाइग येथील हेलविग नांवाच्या गणितज्ञानें १७८० त बुद्धिबळाचा विस्तार करून युद्धाचा खेळ प्रसिद्ध केला. पुढें बॅरन फॉन राइसविट्झ यानें प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम यास १८१२ त, भूमीचे सुटे तुकडे जुळवून कोणतेंहि रणक्षेत्र मांडतां येईल असा पट करून दिला. त्याचा मुलगा तोफखान्यांतील अधिकारी होता. त्यानें १८२४ त या खेळाचे सुधारलेले नियम छापले. नकाशाचें प्रमाण १ : ८०००, प्रत्येक पाळी दोन मिनिटांची, आणि निवाड्यास मध्यस्थ, अशी त्याची योजना होती. माऱ्याचा परिणाम ठरवितांना त्यानें शार्नहोर्स्ट यानें प्रसिद्ध केलेल्या प्रत्यक्ष गोळीबाराच्या प्रयोगांचा आधार घेतला. प्रशियाच्या सेनेचा मुख्य कारभारी जनरल म्यूफ्लिंग याच्या मनांत हा खेळ भरला व त्यानें सैन्यास त्याची शिफारस केली. या पटावर तोफ म्हणजे केवळ रंगविलेला ठोकळा असे. तिला रूप नव्हतें, पण तिच्या माऱ्यामागें लेखी पुरावा होता.

प्रतिकृतीचें युग खऱ्या अर्थानें सुरू झालें तें इंग्लंडांत. एच्. जी. वेल्स या ग्रंथकारानें १९१३ त 'लिटल वॉर्स' हें लहानसें पुस्तक लिहून दिवाणखान्यांतील लढाईचे नियम घालून दिले. त्याच्या खेळांत फांसे नाहींत. कमानीच्या जोरावर सुमारें एक इंच लांबीची लांकडी कांडी उडविणारी खेळण्यांतील तोफ नेम धरून डागावयाची, व जे शिपाई पडतील ते मेले असें समजावयाचें. ब्रिटन्स या खेळणीं करणाऱ्या लंडनच्या पेढीची ४.७ इंची आरमारी तोफेची प्रतिकृति या खेळाशीं कायमची निगडित झाली आहे. वेल्सचे नियम विचारपूर्वक केलेले आहेत. तोफेपासून सहा इंचांच्या आंत स्वपक्षाचे चार शिपाई असल्याखेरीज ती हलवितां येत नाहीं व डागतांहि येत नाहीं. एका पाळींत एक तर हलवावी, नाहीं तर जास्तींत जास्त चार वेळां डागावी. दोन्ही करतां येत नाहींत. पायदळाबरोबर ती एक फूट जाते; चार स्वार असले तर दोन फूट जाते. तोफेपुढें आलेल्या स्वकीय शिपायांस आडवें निजवून त्यांच्यावरून गोळा टाकण्याचीहि मुभा आहे.

आतां या नियमांशेजारीं मूळ तोफेचा इतिहास ठेवून पाहावा. १८९९ त सुरू झालेल्या बोअर युद्धांत इंग्रजांनीं ४.७ इंची आरमारी तोफा जहाजांवरून उतरवून गाड्यांवर चढविल्या व रणांगणावर नेल्या. एकेका तोफेस साधारणतः ३२ बैल जुंपावे लागत. तीच तोफ दिवाणखान्यांत आली तेव्हां बैल नाहींसे झाले व चार स्वार तिला घोडदळाच्या चालीनें नेऊं लागले.

बैल वगळण्याचें एक कारण उघड आहे, तें जागेचें. शिपाई सव्वा इंचाचा धरला म्हणजे प्रतिकृतीचें प्रमाण सुमारें १ : ६० होतें. या तोफेची नळी सुमारें १६ फूट. ती पटावर सव्वातीन इंचांची होईल. बैलांच्या एका जोडीस रस्त्यावर १० फूट जागा धरली तर सोळा जोड्यांस १६० फूट, म्हणजे पटावर ३२ इंच जागा लागते. नळी चार बोटांची आणि तिच्यापुढें पावणेतीन फुटांची बैलांची रांग, असें दृश्य कोणीहि खेळाडू मांडीत नाहीं. त्यांतच भूमीचें प्रमाण निराळें असतें. १,००० यार्डांचा पल्ला १ : ६० या प्रमाणानें ५० फूट होतो, एवढें मेज कोणाच्या घरीं असणार? म्हणून भूमि अधिक आंखडती घेतात. उदाहरणार्थ एक इंचास २५ यार्ड धरले कीं तोच पल्ला ४० इंचांत बसतो. परंतु मग सव्वातीन इंचांची नळी ८० यार्ड भूमि व्यापते. म्हणजे पटावरील एक तोफ ही एक तोफ नसून तोफांच्या सबंध रांगेचें चिन्ह होय. हें ध्यानांत न ठेवल्यास प्रतिकृतीच्या सुबकपणानेंच पाहणाराची फसगत होते.

बैल वगळल्यानें इतिहास किती बदलतो हें असईच्या लढाईवरून दिसतें. ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं केळणा व जुई या नद्यांमधील भूमीवर वेलस्लीची गांठ शिंदे व भोसले यांच्या सैन्याशीं पडली. पोलमनच्या हाताखालील कवायती पलटणींबरोबर असलेल्या मराठी तोफांनीं असा भडिमार केला कीं, इंग्रजांचे गोलंदाज व तोफा ओढणारे बैल पडूं लागले व त्यांच्या तोफा फळीबरोबर पुढें जाईनात. अखेर वेलस्लीनें तोफा मागें टाकून केवळ पायदळ पुढें घातलें. इंग्रजांकडील सुमारें १,६०० माणसें ठार व जखमी झालीं, त्याच्या कारणांपैकीं हें एक प्रमुख होय. पुढें दुसरा प्रकार झाला. इंग्रज फळी मराठी तोफांवरून पुढें गेल्यावर, मेल्याचें सोंग घेऊन पडलेल्या कांहीं गोलंदाजांनीं उठून त्याच तोफा फळीच्या पाठीवर डागल्या, व वेलस्लीस सैन्य घेऊन मागें वळावें लागलें. शेवटीं ९८ तोफा इंग्रजांच्या हातीं लागल्या. बैल केवळ शोभेचे मानणाऱ्या किंवा तोफेस हात लागतांच ती जिंकली असें धरणाऱ्या नियमांनीं ही लढाई खेळल्यास पहिला प्रसंग घडणार नाहीं व दुसराहि घडणार नाहीं.

पानिपताचा प्रश्न याहून नाजूक आहे. ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं मराठ्यांच्या डाव्या बाजूस इब्राहिमखान गारदी होता. काशीराज पंडिताच्या वृत्तांताप्रमाणें त्यानें आपल्या लोकांस गोळीबार थांबविण्यास सांगून संगिनींनीं हल्ला केला. मध्यावरील हुजुरातहि पुढें गेली. स्वकीय सैन्य पुढें येतांच मोठ्या तोफांचें काम थांबलें. वेल्सच्या शिपायांप्रमाणें त्या धुमश्चक्रींत कोणास आडवें निजवितां येणार? उलट अब्दालीचे जंबुरे उंटांच्या पाठीवर असल्यानें लढाई सरकेल तसे सरकूं शकत. त्यांचा गोळा लहान, पण तो हवा तेथें नेतां येई.

भाऊसाहेबांनीं तोफा पुढें नेल्या असत्या तर निकाल फिरला असता, असें बोलण्यांत पुष्कळदां येतें. पटावर तें सहज घडतें. दोन बोटांनीं तोफ उचलावी व पुढें ठेवावी. त्यावरून एका पुरुषाच्या शहाणपणाचा निवाडा करणें मात्र अन्यायाचें होईल. अनेक आठवडे कोंडलेल्या छावणींत माणसें उपाशी होतीं. तेथें ओढीच्या जनावरांची स्थिति काय असेल हा पहिला प्रश्न होय. नेल्या असत्या कीं नाहीं, यापूर्वीं नेतां आल्या असत्या कीं नाहीं, हें विचारलें पाहिजे.

म्हणून ऐतिहासिक पटावर अवजड तोफ मांडणारांनीं चार गोष्टी नियमांत घ्याव्या. तोफेइतकेच तिचे बैलहि माऱ्याचें लक्ष्य समजावे, व जोड्या कमी होतील तशी चाल कमी करावी. नदी, चिखल व नांगरट यांत तिची चाल निराळी धरावी. स्वकीय फळी पुढें आल्यास, उंचवट्याचा आधार नसेल तर मारा बंद करावा. आणि जिंकलेल्या तोफेवर पहारा ठेवल्याशिवाय ती जिंकली असें मानूं नये. विजापूरच्या मलिक-ए-मैदानसारख्या तोफा तर मोकळ्या रणाच्या पटावर आणूंच नयेत. १५४९ त अहमदनगर येथें महंमद बिन हुसेन रूमी यानें ओतलेली ही तोफ सुमारें १४ फूट लांब व ५५ टन वजनाची आहे. तिचें स्थान बुरुजावर व वेढ्यांत.

हे नियम आंकड्यांवांचून होणार नाहींत, आणि येथें आमच्या संग्राहकांचा संबंध येतो. शार्नहोर्स्टच्या प्रयोगांनीं राइसविट्झला जो आधार दिला, तो मराठी तोफेस आपल्या कागदांतूनच मिळावयाचा. पेशव्यांच्या तोफखान्याचें काम पानशांच्या घराण्याकडे होतें, हें सर्वश्रुत आहे. तोफखान्याचे बैल, त्यांचा दाणा-वैरण, गाडे, आंख, दोर, बेलदार, मजलींचे मुक्काम यांचे हिशेब हातीं आले म्हणजे ते रुक्ष समजून बाजूस ठेवण्याची व राजकारणाचीं पत्रें तेवढीं उचलण्याची आपली संवय आहे. वस्तुतः एका तोफेस किती बैल व एका दिवसांत किती कोस, हें सांगणारा हिशेबाचा चिटोरा लढाईच्या वर्णनाइतकाच मोलाचा आहे. त्याचप्रमाणें जंजिऱ्याची कलालबांगडी, दौलताबादची मेंढा तोफ यांसारख्या तोफांवरील लेख उतरून घेतांना नळीची लांबी, तोंडाचा व्यास, बाहेरील घेर आणि कानांची जाडी हींहि मापें त्याच वेळीं घ्यावींत. मापांवरून वजनाचा अदमास निघतो व वजनावरून बैलांचा. असे हिशेब व अशीं मापें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं तीं मूळ आंकड्यांसह, सारांश न करतां, प्रसिद्ध करावींत.